निव्वळ वजन

शिवकन्या बोटानं यादी वर सारते
आणि यादी संपत नाही.
"सर, गाडी तर झाली फायनल. आता अ‍ॅक्सेसरीज बघू."
बाहेर मंठा चौफुलीवर मे महिन्याचं ऊन,
काचेलगतच्या गाड्यांच्या सीटा तव्यासारख्या.

पहिलंच चित्र : हात गरम ठेवणाऱ्या मुठी.
"जालन्यात?"
तीही हसते. "लेहला लागतात, सर."
लेह ती भोकरदन म्हणावं तसं म्हणते,
एसटीत बसलं की तासाभरात उतरलं.

मी वजनकाट्यावरचा माणूस.
सव्वीस वर्षं सळईच्या कारखान्याच्या फाटकाशी
ट्रक चढवतो, आकडा लिहितो, ट्रक उतरवतो.
भंगार आत, सळई बाहेर.
हरियाणाच्या नंबराचे, नागालँडचे, तमिळनाडूचे.
ड्रायव्हर चहा पितापिता सांगतात
कुठं बर्फात दोन रात्री अडकलो,
कुठं समुद्र रस्त्याच्या अंगावर आला.
मी मान हलवतो. पावती फाडतो.
माझी धाव घर ते काटा, साडेसहा किलोमीटर.

म्हणून पैशाचं नंतर. आधी मी विचारतो, वजन किती?
हे शिवकन्येला आजवर कुणी विचारलेलं नाही.
ती आत जाऊन तन्वीर मिस्त्रीला विचारून येते.
दोन्हीकडच्या पेट्या, पत्र्याच्या, अकरा किलो.
क्रॅशगार्ड साडेचार.
"मधलं स्टँड घ्याच," तन्वीर आतूनच ओरडतो,
"चेनला तेल कसं द्याल मग?"
हे पटतं. तेल द्यावंच लागतं.

क्रूझ कंट्रोल. मूठ न पिळता गाडी आपली धावते.
धावते कुठं?
समृद्धी गावाला खेटून गेली
आणि तिच्यावर दुचाकीला बंदी.
देऊळगावच्या रस्त्यावरच्या म्हशी तर
कोणताच कंट्रोल मानत नाहीत.
खोडा.

"मग हे घ्या. हेल्मेटमधून बोलायचं मशीन.
मॅडम मागून हळू बोलल्या तरी ऐकू येतं."
प्रयाग इतका वेळ पंख्याखाली
पदरानं वारा घेत बसलेली.
"बाई," ती म्हणते, "ओट्यापाशी उभं राहून सांगितलेलं
यांना ऐकू येत नाही.
तिथं कोणता वारा सुटलेला असतो?"
तन्वीरचा पाना आत थांबतो.
ते मशीन राहतं.

मग पाठ टेकायची गादी. तीन किलो दोनशे.
"ती कशाला," मी म्हणतो, "लांब तर मी एकटाच जाणार.
तुझे गुडघे..."
प्रयाग काही बोलत नाही.
उठते, साडी खोचते,
उभ्या गाडीवर दोन्हीकडं पाय टाकून बसते,
माझ्या खांद्याला न धरता,
आणि हात मागं नेऊन रिकामी हवा चाचपते,
लाईट गेल्यावर काडेपेटी शोधावी तशी.
"इथं लाव गं," शिवकन्येला सांगते.

शुक्रवारी गाडी आली. नारळ, लिंबं, झेंडूची माळ,
आणि मी ती सरळ काट्यावर नेली.
खिडकीत माझ्या जागी गोरख.
साठ टन पेलणारा काटा हा,
दहा किलोच्या खालचं त्याला कळत नाही.
तीन किलो दोनशे म्हणजे त्याच्या लेखी धूळ.
सव्वीस वर्षं ठाऊक असलेली गोष्ट
शोरूममध्ये नेमकी आठवली नव्हती.

गाडी, पेट्या, मी, प्रयाग :
तीनशे पन्नास, गोरखनं ओरडून सांगितलं.
हे भरलेलं. आता रिकामं घ्यायचं,
वजा केल्याशिवाय निव्वळ निघत नाही.

"उतर," मी म्हणालो.
"नाही उतरत."
मागं वळलो तर ती पाठ टेकून,
फाटकाबाहेरच्या रस्त्याकडं बघत.
"साहेब, पावती?" गोरख विचारत होता.
त्याच्यामागं नागालँडचा ट्रक हॉर्नवर हॉर्न देऊ लागला.